दोन ओळी, मराठीत

देवीच्या टेकरीच्या पायऱ्या उतरताना मालनबाईंचा पाय मुरगळला म्हणता म्हणता मोडला आणि डॉक्टरांनी सहा आठवड्यांचं प्लास्टर घातलं. शिलाई मशीन चालवणारा नेमका तोच पाय. निम्म्या देवासचे ब्लाउज अडले, पण मालनबाईंना त्याचं काही नव्हतं. रिकामं बसायचं कसं, ही त्यांची पंचाईत होती. टीव्हीवरच्या मालिका त्यांनी चार दिवसांत निकालात काढल्या आणि पाचव्या दिवशी मुलाला म्हणाल्या, "धीरज, वाचायला काही आण. मराठी."

धीरजला घाम फुटला. मालनबाईंचं माहेर भुसावळकडचं, शाळा मराठी. धीरज देवासचा, शाळा हिंदी. मराठी तो बोलायचा ते कानावर पडलेलं, आणि वाचायची वेळ लग्नपत्रिकेपुरतीच यायची. तरी घराच्या पुढच्या खोलीतलं मोबाइल दुरुस्तीचं दुकान तासभर बंद ठेवून तो मराठी वाचनालयात गेला आणि आईच्या नावाने कार्ड काढून आला.

वाचनालयाचे कार्यवाह चिंतामणराव हे बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. त्यांचा एक नियम होता. पुस्तक परत करताना वहीत दोन ओळींचा अभिप्राय लिहायचा, तोही मराठीत. अभिप्राय नाही तर पुढचं पुस्तक नाही.

आता मालनबाई वाचक म्हणून नवख्या. पुस्तकाला काय म्हणू नये, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. रहस्यकथा संपवून त्या म्हणाल्या, "खुनी कोण ते मला पहिल्याच पानावर कळलं. पुढं दोनशे पानं तो पोलीस काय करत होता काय माहीत!" धीरजने वहीत लिहिलं, 'उत्तम.' प्रेमकथा मिटवून त्या म्हणाल्या, "पोरीनं त्याला तेव्हाच बोलून टाकलं असतं ना, तर नव्वद पानांत काम झालं असतं." धीरजने लिहिलं, 'अति उत्तम.'

तिसऱ्या खेपेला चिंतामणरावांनी चष्मा कपाळावर चढवला. "एका शब्दाला ओळ म्हणत नाहीत, भिया. पुढच्या वेळी दोन ओळी नसल्या तर कार्ड बंद." एवढं बोलून त्यांनी पुढे केलेलं पुस्तक त्यांनी स्वतःच लिहिलेलं आत्मचरित्र होतं. 'सेतू आणि सेवा', पानं तीनशे बारा.

मालनबाईंनी ते आठ दिवसांत वाचून काढलं.

"कसं आहे?" धीरजने भीत भीत विचारलं.

"बढिया. मी झोपेची गोळी बंद केली."

हे लिहिणं शक्यच नव्हतं. बरं, कार्ड बंद झालं तर उरलेले तीन आठवडे आई काय करील, तेही धीरज जाणून होता. ती त्याच्या लग्नाचं बघेल. मागे तापाने चार दिवस पडली होती, तेवढ्यात मनावर गावाहून दोन स्थळं आणि खातेगावहून एक मामा येऊन गेला होता. शिवाय ओठ हलवत, पानावर बोट फिरवत वाचणारी आई त्याला फार आवडायला लागली होती. इतकं निवांत बसलेलं त्याने तिला कधी पाहिलंच नव्हतं.

म्हणून वाचनालयाच्या टेबलाशी उभं राहून त्याने जवळ होतं नव्हतं तेवढं मराठी पणाला लावलं: 'या पुस्तकातून मला खूप शिक्षा मिळाली. लेखकाने पानोपानी चेष्टा केली आहे. लेखकाला गर्व असला पाहिजे.' खाली आईचं नाव घातलं. दोन मागितल्या होत्या, तीन ओळी दिल्या, या समाधानात तो नवं पुस्तक घेऊन घरी आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला चिंतामणराव वही काखेत मारून दारात हजर.

"मालनबाई, तीनशे बारा पानं लिहिली मी. तुम्हाला ती शिक्षा वाटली?"

"शिक्षा? कुणाला झाली, साहेब?"

"तुम्हाला! माझं पुस्तक वाचून! आणि मी कुणाची चेष्टा केली? तीही पानोपानी? छत्तीस वर्षं नोकरी केली, मला गर्विष्ठ म्हणायची कुणाची छाती झाली नाही."

दुकानातून धीरज स्क्रू ड्रायव्हर हातात तसाच घेऊन धावत आला. "काका, तसं नाही! शिक्षा म्हणजे ती हिंदीवाली. पढाई! ज्ञान मिळालं, असं."

"आणि चेष्टा?"

"मेहनत. तुम्ही हर पानावर मेहनत केली."

"गर्व?"

"अभिमान, काका. तुम्हाला व्हायला पाहिजे. मतलब, झालाच पाहिजे."

चिंतामणरावांनी तिन्ही ओळी पुन्हा वाचल्या, या वेळी हिंदीतून. चेहरा हळूहळू सैल झाला. ते खुर्चीवर टेकले, पाणी प्यायले. कार्ड वाचलं म्हणून धीरजने श्वास सोडला.

"म्हणजे आवडलं तर तुम्हाला पुस्तक," ते मालनबाईंना म्हणाले.

इथे नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पण आजवर मालनबाईंना ब्लाउजच्या गळ्यापलीकडे कुणी मत विचारलं नव्हतं, आणि इथे तर खुद्द लेखक समोर बसून विचारत होता.

"साहेब, हे मी बोललेच नव्हते. हे यानं लिहिलं. मी म्हटलं, झोप चांगली येते."

धीरजने डोळे मिटून घेतले.

"बागलीच्या पुलाला तुम्ही बावीस पानं दिली. खांब किती, सिमेंट कुठलं, समदं. अन् तुमच्या मिसेस गेल्या, दुर्गाबाई, ते एका ओळीत उरकलं. 'त्याच वर्षी सौ.चे निधन झाले.' पुढच्या ओळीत लगेच टेंडर! मला असा राग आला, मी पुस्तक आपटलं."

चिंतामणरावांनी वही मिटली, उघडली, पुन्हा मिटली.

"प्रकाशनाला चौघे जण बोलले होते," ते म्हणाले. "कुणी तिथवर पोचलंच नव्हतं. पान दोनशे साठ आहे ते."

"दोनशे एकसष्ट."

"हो. एकसष्ट." मग ते म्हणाले, "ती एक ओळ लिहायला मला चार महिने लागले, मालनबाई. पुढे काही सुचेना, म्हणून टेंडर."

स्क्रू ड्रायव्हर कुठे ठेवावा ते धीरजला कळेना.

"मग आता लिहा ना," मालनबाई म्हणाल्या. "त्या बोलायच्या कशा, चिडायच्या कशा, ते लिहा. पुलाचं सांगणारे बहुत आहेत."

चिंतामणराव वही काखेत मारून उठले. कार्डाचं त्यांनी काहीच सांगितलं नाही, आणि धीरजलाही विचारायचा धीर झाला नाही.

ही हकीकत देवासभर व्हायला एक दिवस लागला आणि धारला पोचायला दोन. शुक्रवारी धीरज जीव मुठीत धरून वाचनालयात गेला, तर 'स्थानिक लेखक' असं लिहिलेलं कपाट अर्धं रिकामं. देवासचे तीन कवी, एक प्रवासवर्णन लिहिणारे वकील आणि धारच्या कादंबरीकार प्रमोदिनीबाई, प्रत्येकाने आपापलं पुस्तक आपल्याच कार्डावर घरी नेलं होतं. वाचायला.

चिंतामणरावांनी खण उघडून एक पाकीट काढलं. आत अकरा कागद, हाताने लिहिलेले, जागोजागी खोडलेले. पहिल्या पानावर पूल नव्हता.

"हे आईला दे."

धीरजचा हात सवयीने वहीकडे गेला. "काका, याचा अभिप्राय दोन ओळीत आणू की..."

चिंतामणरावांनी वही आपल्याकडे ओढून घेतली.

"तू एक अक्षर लिहायचं नाहीस," ते म्हणाले. "रविवारी मी स्वतः येतो ऐकायला."