भरल्या पोटाची पाहुणी

स्वयंपाकघरात दूध उतू गेल्याचा चर्र असा आवाज झाला. हॉलमध्ये सगळे इतके गप्प होते की तो आवाज प्रत्येकाला ऐकू आला, आणि तरीही जागचं कुणी हललं नाही.

नव्या घरात पहिलं दूध उतू जाऊ द्यायचं आणि ते कुठल्या बाजूला गेलं हे घरच्या बाईनं डोळ्यांनी बघायचं, अशी इकडची रीत. वैशालीच्या सासूबाई, तारामती, त्यासाठी सकाळपासून शेगडीपाशी घुटमळत होत्या. पण ऐन वेळी त्यांना बघायला मिळालं ते भलतंच. हॉलच्या मधोमध, त्यांच्या मुलानं, प्रशांतनं, खास राजस्थानातून मागवलेल्या पांढऱ्याशुभ्र संगमरवरावर, एक काळीबांडी गाभण गाय मागचे दोन पाय दोन दिशांना टाकून बसली होती.

"गेलं वाटतं दूध," तारामतीबाई शेवटी म्हणाल्या. "कुठल्या बाजूला गेलं, कुणी बघितलं का?"

"शेगडीवर," वैशाली म्हणाली.

तिला चेष्टा करायची नव्हती. चेष्टा करायला अंगात जोर लागतो आणि तिचा सगळा जोर त्या घटकेला नुसतं उभं राहण्यात चालला होता. आठवा महिना सरत आला होता. पाय असे सुजले होते की स्वतःच्या चपला चढेनात, म्हणून ती सकाळपासून नवऱ्याच्या न्हाणीघरातल्या सपाता ओढत फिरत होती. जरीकाठाची साडी, नाकात नथ आणि पायात निळ्या सपाता.

खरं तर गाय आली होती ती वैशालीमुळंच. घरात पोटुशी बाई असताना वास्तुशांत करू नये, असं गुरुजींनी आधी सांगितलं. पण जुना घरमालक घर सोडा म्हणून मागं लागला होता. त्याला तिथं तीन मजले चढवून भाड्यानं द्यायचे होते. गेल्या दोनतीन वर्षांत साऱ्या हैदराबादलाच मजले चढवायचं वेड लागलं होतं. मग गुरुजींनी पोथी पुन्हा चाळली आणि तोड काढली. गाय तर गृहप्रवेशाला लागतेच, तर यंदा गाभण आणा. पुढं भरल्या पोटाची गाय, मागं भरल्या पोटाची सून. दोष असेल तो गाय ओढून नेईल.

गवळी यादगिरीला हे फार सोयीचं पडलं. सुगीत बैलाला नसेल एवढी मागणी त्याच्या गाईंना त्या मुहूर्तावर होती. तारनाक्यापासून मलकपेठेपर्यंत जिकडंतिकडं फ्लॅटांचे गृहप्रवेश, आणि नेहमीची गाय-वासराची जोडी सकाळपासून घरोघर आशीर्वाद देत फिरत होती. गोठ्यात उरली होती ती हीच, लक्ष्मम्मा. हिला कोण विचारणार म्हणून राहिलेली.

"वासरू कुठंय रे?" तारामतीबाईंनी दारातच विचारलं होतं.

"वासरू भी हैच अम्मा," यादगिरी म्हणाला. "अंदर है."

तर लक्ष्मम्मा चार पायऱ्या चढून आली, उंबरा ओलांडला, आणि खाली बघितलं. प्रशांतनं आदल्याच दिवशी फरशीला मशीन लावून पॉलिश करून घेतली होती. दाढी करायला आरसा नको, असं तो आल्यागेल्याला सांगत होता. त्या फरशीत लक्ष्मम्माला एक गाय दिसली, आपल्याच अंगावर खालून चालून येणारी. ती दचकून मागं सरली. पुढचे पाय ऐकले, मागचे घसरले, आणि सगळा देह धप्पकन खाली बसला. तिच्या शेपटीमागून हातात कलश घेऊन चाललेली वैशाली जागच्या जागी थिजली.

पहिला उपाय सासऱ्यांनी केला. हिम्मतराव जन्मभर रेल्वेत कारकुनी करून निवृत्त झाले होते, पण मूळचे उदगीरकडचे शेतकरी, आणि आज तीस वर्षांनी कुणालातरी त्याची गरज पडली होती. त्यांनी बाह्या सारल्या.

"सरका सगळे. आमच्याकडं गाय बसली की शेपटी पिळायची. पोळ्याच्या बैलासारखी उठती."

त्यांनी शेपटी पिळली. लक्ष्मम्मानं उठण्याऐवजी जे केलं ते पॉलिशच्या फरशीवरून वाट काढत देवघरापर्यंत गेलं.

"गोमूत्र आहे," हिम्मतराव खाली न बघता म्हणाले. "शुद्धच असतं."

"पण एवढं?" प्रशांत म्हणाला.

मग प्रशांत आणि यादगिरी दोघांनी पोटाखालून हात घालून उचलायचं ठरवलं. गाय बोटभरही वर आली नाही. प्रशांतची कंबर मात्र धरली. वैशालीनं दूध पुसलं, देवघर पुसलं, नवऱ्याच्या कंबरेला बाम चोळला आणि पुऱ्यांचं तेल तापत ठेवलं, कारण पाहुणे यायला लागले होते.

पाहुण्यांना वाटलं, गाय ठरवूनच बसवलीये. बायका वाकून हळदकुंकू लावायला लागल्या. प्रशांतच्या ऑफिसातले एक गृहस्थ तिच्याभोवती फिरून आले आणि हळूच म्हणाले, "हे बरं केलंत. आमच्याकडची तर आली आणि गेली. फोटोसुद्धा धड आला नाही."

"साक्षात लक्ष्मीनं बैठक मारली हो तुमच्यात," एक वयस्क बाई तारामतीबाईंना म्हणाल्या. तारामतीबाईंचा चेहरा जरा उजळला. पण बाईंनी पुढं विचारलं, "उठणार कधी?" आणि तो पुन्हा विझला.

तारामतीबाई स्वयंपाकघरात आल्या. वैशाली पुऱ्या तळत होती. सासूबाईंनी तिच्या पोटाकडं बघितलं, मग दारातून गाईच्या पोटाकडं बघितलं, आणि देवापुढं जाऊन बसल्या.

वैशालीला ते कळलं. ती पुण्याची, शास्त्र विषय घेऊन शिकलेली. शकुन-अपशकुन तिच्या माहेरी कुणी मानत नसे, तीही मानत नव्हती. पण गाय आपल्याऐवजी पुढं गेली होती आणि आपल्याऐवजी खाली बसली होती, हे तिच्या मनातून जाईना. झाऱ्यावरची पुरी निथळायची वाट बघत ती मनातल्या मनात म्हणाली, ऊठ गं बाई. माझ्यासाठी तरी ऊठ.

जनावरांचे डॉक्टर दुपारी स्कूटरवरून आले. डॉक्टर गौस मलकपेठला शर्यतीच्या घोड्यांना बघत, आणि गाईसाठी बोलावलं म्हणून जरा नाराज होते. पण लक्ष्मम्मापाशी उकिडवं बसल्यावर ती नाराजी गेली. त्यांनी तिचे कान चाचपले, मागच्या पायांना टोचून बघितलं, पोटावर बराच वेळ हात ठेवला.

"हड्डी सलामत है," ते म्हणाले. "कब ब्याती ये?"

"आठ-दस दिन में, साब," यादगिरी म्हणाला. गाय गाभण असताना बाहेर काढू नको म्हणून बायकोनं बजावलं होतं, हे तो सकाळपासून तिसऱ्यांदा सांगत होता. त्याच्या घरातली पोरं हिच्याच दुधावर वाढली होती.

"पेट का वजन नसाँ पे पड़ रहा. उसमें कॅल्शियम कम. उसमें ये तुम्हारा शीशमहल." डॉक्टरांनी फरशीवर बोट फिरवलं. "श्याम तक खड़ी हुई तो हुई. नै तो अपनेच बोझ से पाँव सुन्न पड़ जाते, फिर मुश्किल है."

मग डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियमची बाटली लावली, हळूहळू, थेंबाथेंबानं, आणि एकेक फर्मान सोडायला सुरुवात केली. वाळू आणा. वाळूवर पोती टाका. पाय फाकू नयेत म्हणून काहीतरी मऊ कापड द्या, सैलसर बांधतो. थोड्या थोड्या वेळानं कूस बदला. गुळाचं पाणी पाजा.

वाळू शेजारच्या बांधकामावरून आली. पाटी पहिल्यांदा संगमरवरावर रिकामी झाली तेव्हा प्रशांतनं डोळे मिटून घेतले. मऊ कापड म्हणून त्याचाच पूजेचा रेशमी शेला गेला. हिम्मतरावांनी नवा टेबलफॅन गाईकडं वळवला. तारामतीबाईंनी तिळाचं तेल कोमट करून आणलं आणि लक्ष्मम्माच्या मांड्यांना चोळायला बसल्या.

"बाई गं, किती वजन घेऊन चालू लागलीस," त्या तिला म्हणत होत्या. "कसे सुजलेत गं पाय तुझे. कुणी बघितलंच नाही का आतापर्यंत?"

वैशाली ताटांची चळत घेऊन त्यांच्या मागून गेली.

"उसकू दबाके खड़ा नक्को करना," डॉक्टर सांगत होते. "चिकनी फर्श पे चलाना नक्को. काम का बोझ नक्को. रात कू पाँव खिंचते क्या, देखना."

वैशालीचे पाय रोज रात्री खेचत. कॅल्शियमच्या गोळ्या तिलाही दिल्या होत्या, पण त्या सामान हलवताना कुठल्यातरी खोक्यात गेल्या होत्या आणि खोकी अजून सुतळीनं बांधलेलीच होती. डॉक्टर बोलत राहिले आणि ती बटाट्याची भाजी वाढता वाढता ऐकत राहिली. इतक्या आपुलकीनं तिच्या पायांविषयी आजवर कुणी बोललं नव्हतं. फक्त ते बोलणं तिच्याशी चाललेलं नव्हतं.

वैशालीची पाच वर्षांची केतकी तेवढी गाईच्या तोंडाशी बसून होती. ती तिला बिस्किटं देत होती, आणि गाय खात नाही म्हणून स्वतः खात होती.

"वैशाली, हे पोतं भिजलंय गं," तारामतीबाईंनी हाक मारली. "जरा बदल. माझे हात तेलाचे आहेत."

वैशालीनं कोरडं पोतं आणलं. वाकता येत नव्हतं, म्हणून ती एका हातानं भिंत धरून हळूहळू गुडघ्यावर बसली. ओलं पोतं ओढून काढलं, कोरडं सारलं, आणि उठायला पाय टेकवला, तो पोटरीत असा पेटका आला की तोंडातून आवाजही फुटला नाही. ती कोरड्या पोत्यावर बसली, बसली ती कलंडली, आणि तिची पाठ लक्ष्मम्माच्या बरगड्यांना टेकली.

"काय झालं गं?"

"उठता येत नाहीये," वैशाली म्हणाली.

प्रशांत कंबर धरून धावला आणि त्यानं तिचे दोन्ही दंड पकडले. डॉक्टर तिकडून ओरडले, "अरे खींचो नक्को. अब्बी तो सिखाया."

प्रशांतनं हात सोडले. सगळे त्या दोघींकडं बघत राहिले. दोघी शेजारीशेजारी, दोघींची पोटं एकाच बाजूला कललेली, एकीच्या पायात शेला आणि एकीच्या पायात निळ्या सपाता. हिम्मतरावांनी एकदा सुनेकडं बघितलं, एकदा पंख्याकडं, आणि पंखा थोडा इकडं वळवला. गुळाच्या पाण्याची बादली मध्ये होतीच. केतकीनं त्यातला पेला भरून आईला दिला.

"भीड़ हटाव," डॉक्टर म्हणाले. "दोनों कू आराम करने देव. सब लोगाँ खाना खाव."

"वाढायला कोण?" तारामतीबाई सवयीनं म्हणाल्या. मग त्यांचं लक्ष त्या सपातांकडं गेलं. साडीतून बाहेर आलेले सुनेचे घोटे त्यांनी बहुधा पहिल्यांदाच नीट बघितले. त्यांनी हाताचं तेल पदराला पुसलं आणि पुऱ्यांची परात उचलली.

आतल्या खोलीतून पंगतीचा गलका यायला लागला. भाजी कुणाला, पाणी कुणाला, मठ्ठा कुठंय. कुणीही वैशालीला हाक मारली नाही. तिनं डोळे मिटले. पाठीला गाईचं अंग गरम लागत होतं. मग त्या अंगाच्या आतून, खोलवरून, कसलंसं गुडघ्याएवढं टोक वळलं आणि तिच्या पाठीला ढुशी देऊन गेलं. जणू जागं होऊन, वैशालीच्या पोटातल्यानंही एक लाथ मारली.

"बघ," ती पुटपुटली. "ह्यांचं आपसात ठरलंय."

किती वेळ गेला कुणास ठाऊक. पाठीमागची ऊब हलली म्हणून तिनं डोळे उघडले. लक्ष्मम्मानं मान पुढं ताणली होती. तिनं एक मोठा श्वास घेतला, वाळूत खूर रोवले, मागचं अंग वर काढलं, थांबली. थरथरली. वैशालीनं नकळत पोत्याचा काठ मुठीत धरला. लक्ष्मम्मानं एक पुढचा पाय टेकवला, मग दुसरा, आणि उभी राहिली. शेला पायात, तोंडाला लाळ, पण उभी. वैशालीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं आणि तिला ते पुसावंसंही वाटेना.

हात धुवायला आलेल्या यादगिरीनं ते पहिल्यांदा बघितलं आणि दारातच खाली बसला. मग सगळी पंगत उष्ट्या हातांनी बाहेर आली. "हल्लू, हल्लू," डॉक्टर म्हणत होते. दारापर्यंत वाळू पसरली गेली, पायऱ्यांवर पोती पडली. प्रशांत स्वतः घमेलं घेऊन पुढं ओतत चालला होता. लक्ष्मम्मा मान हलवत, एकेक पाऊल टाकत निघाली, आणि तिच्या मागून, लग्नात वरातीला जावं तसं, झाडून सगळं घर बाहेर गेलं.

हॉल रिकामा झाला. वाळू, शेण, गुळाची बादली, आणि पोत्यावर बसलेली वैशाली. पेटका केव्हाच उतरला होता. उठता आलं असतं.

फाटकापासून तारामतीबाईंचा आवाज आला. त्यात केवढा तरी आनंद होता. "वैशाली, उठली गं गाय! गूळ-पोळी आण बघू तिला, निघाली ती."

केतकी आईसमोर उकिडवी बसली. तिनं आईचा गाल बोटानं पुसला आणि बोट बघितलं.

"आई, गाय आता घरी जाऊन स्वयंपाक करणार?"

"नाही गं. गाई कुठं स्वयंपाक करतात."

"भांडी?"

"नाही."

"मग तिच्या घरी पाहुणे यायचेत?"

"नाही बाळा. कुणी नाही यायचं."

केतकीनं उघड्या दारातून बाहेर बघितलं. सगळे पाठमोरे होते आणि फाटकाशी गाईची शेपटी हलत होती. बाहेरून पुन्हा हाक आली. केतकी आईकडं वळली.

"मग ती उठली कशाला?"