शेपटीचा बाण

"आजोबा आता एकदा जरी हरवले, तरी त्यांचं संध्याकाळचं फिरणं बंद," बाबांनी निकाल दिला आणि भिंगरी मनात हिशेब करू लागली. फिरणं गेलं तर आजोबांच्या वाट्याला उरणार काय, तर एक खिडकी आणि बाबांची भाषणं.

तशी चूक आजोबांची नव्हतीच. नवं भाड्याचं घर शहराच्या सगळ्यात जुन्या भागात, आणि तिथल्या गल्ल्या म्हणजे मांजराने खेळून टाकलेली लोकर. एका कमानीतून आत जावं तर पुढे तश्शीच दुसरी. खालच्या मजल्यावर एक भाषा, वर दुसरी, समोर तिसरी. एक पत्ता विचारला की तीन मिळायचे. त्यात आजोबांचं आणि चष्म्याचं हाडवैर.

म्हणून भिंगरीने शाळेतून खडू आणला आणि दुपारी सामसूम बघून कोपऱ्याकोपऱ्यावर घराच्या दिशेने बाण काढले. आपल्या हुशारीवर ती इतकी खूश झाली की प्रत्येक बाणाला तिने झुपकेदार शेपूटही काढलं.

संध्याकाळी ती क्लासहून परतली, तर गल्लीची पाचावर धारण बसलेली.

घड्याळं दुरुस्त करणारे काका डोळ्यावरचं भिंग तसंच ठेवून बाहेर आले होते. ही रस्ता रुंदीकरणाची खूण, बाण ज्या घराकडे ते घर पाडणार, असं ते छातीवर हात ठेवून सांगत होते. बेकरीवाल्या मावशी पिठाच्या हातांनीच धावत आल्या होत्या. काकांनी हळूच आपल्याकडचा बाण पुसून अत्तरवाल्याच्या दिशेने वळवला. अत्तरवाल्याने तो मावशींकडे, मावशींनी पुन्हा काकांकडे. बघता बघता गल्लीतला प्रत्येक बाण शेजाऱ्याच्या दारावर रोखलेला.

भिंगरीने खडूने पांढरी झालेली बोटं पाठीमागे लपवली. खरं सांगितलं, तर गल्ली तिला सोलून काढणार. आणि आजोबा तर केव्हाच फिरायला बाहेर पडलेले.

ती रडकुंडीला येईपर्यंत धावली. आजोबा कुठेच नव्हते. शेवटी मान खाली घालून घरी आली, तर दारात बाबा. त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात कमानीतून अख्खी गल्ली आली, मधोमध आजोबा.

झालं होतं असं, की वाट शोधायला आजोबा नेहमीसारखे भिंतींना नाक लावून बघत होते. अनोळखी, गंभीर म्हातारा आणि एकेक भिंत निरखतोय, म्हणजे मोजणीचा साहेब तो हाच. काकांनी खुर्ची दिली, मावशींनी गरम पाव, अत्तरवाल्याने मनगटाला अत्तर लावलं. मग साहेबांचं घर विचारत विचारत सगळे पोहोचवायला आले.

"साहेब, खरं सांगा," काकांनी हात जोडले, "आमची घरं पाडणार का हो?"

आजोबांनी सगळ्यांकडे एकदा बघितलं, मग भिंगरीच्या पांढऱ्या बोटांकडे.

"मी आहे तोवर एक वीट हलायची नाही," ते म्हणाले. "बाण उद्या माझा माणूस नव्याने काढेल. त्यांना हात लावू नका. मी रोज संध्याकाळी येऊन बघत जाईन."

गल्लीने श्वास सोडला. रोज साहेबांना घरापर्यंत सोडायचं, हे तिथल्या तिथे ठरलं. बाबांचं उघडलेलं तोंड तसंच राहिलं.

आत येताच आजोबा भिंगरीच्या कानाशी वाकले.

"शेपूट असू दे, बाळ. पण बाण जरा मोठा काढ. नाक सोललंय माझं."