पालक लायसन्स

माझ्या मोबाइलमधलं लायसन्स वयानं लहान असल्यामुळे त्याला एकट्यानं घराबाहेर पडायची परवानगी नव्हती. आमच्या तालुक्यात नियमच तसा आहे. मोबाइलमधल्या लायसन्ससोबत घरातलं एक वडीलधारं, कागदी लायसन्स लागतं. ते चालकाच्या शेजारच्या सीटवर बसतं आणि त्याला पट्टा लावावा लागतो.

आमच्या घरात असं लायसन्स एकच, भालूकाकांचं. ते लाल पिशवीत, देवघराच्या खणात राहतं. दोन वर्षांत मी ते सतरा वेळा मागितलं. त्यांपैकी चौदा वेळा ते झोपलेलं होतं.

त्या बुधवारी मला अकरापर्यंत जिल्ह्याच्या गावी पोचायचं होतं. फिरत्या वाचनालयाच्या गाडीसाठी चालक हवा होता आणि उमेदवारानं स्वतः गाडी चालवत यावं, अशी अट होती. पुस्तकं आणि स्टिअरिंग एकाच नोकरीत. एम.ए. झाल्यापासून मी याहून वेगळं काही मागितलं नव्हतं.

"एसटीनं जा," काका म्हणाले.

"मग नोकरी एसटीच्या ड्रायव्हरला देतील, काका."

"तुझं ते लायसन्स मला पटत नाही. बॅटरी संपली की संपलं."

"आणि तुमचं पावसात भिजलं की?"

"म्हणून तर ते पावसाळ्यात बाहेर पडत नाही."

काकूनं खणाची किल्ली टेबलावर ठेवली आणि ती भाजी निवडायला गेली. काकांनी खण उघडून पिशवी काढली. मग ते चपला घालून स्वतःच मागच्या सीटवर येऊन बसले. पुढे त्यांचं लायसन्स बसलं.

"तिसरा गिअर टाक," गाव सुटताच पिशवीतून आवाज आला.

"चौथ्यात आहे."

"आमच्या वेळी या वळणावर चौथा नसायचा."

समोर स्टँडवर माझं लायसन्स गप्प होतं. त्यानं स्क्रीन मंद केली होती. मोठ्यांसमोर ते असंच करतं. मला त्याचा फार राग येतो.

दहा वाजून दहा मिनिटांनी नाका आला. हवालदार शिंगाडेबाईंनी मोबाइल पाहिला, कोड तपासला. "लहान व्यवस्थित आहे. मोठे?"

काकांनी मागून वाकून पिशवीचा पट्टा सोडला, ती उचलली आणि खिडकीपाशी धरली. बाईंनी नमस्कार केला.

"मला मळमळतंय," पिशवी म्हणाली. "घरी चला."

"मोठे परत म्हणाले की परत," शिंगाडेबाई म्हणाल्या. "वळवा गाडी."

"अहो बाई, अकराला माझी मुलाखत आहे!"

"नियम आहे, ताई."

मी घड्याळ पाहिलं. मग जे आमच्या घरात कधी कुणी बोललं नव्हतं, ते मी बोलले. "यांची मुदत विचारा."

काका ताडकन पुढे झुकले. "तेजल! मोठ्यांना असं विचारतात?"

"मी विचारते."

शिंगाडेबाईंनी संकोचत पिशवीची नाडी सोडली. लायसन्सवरचं प्लॅस्टिक धुरकटलं होतं, ते रुमालानं पुसलं. बराच वेळ वाचलं.

"अकरा वर्षांपूर्वी संपली," त्या म्हणाल्या. बाईंनी नियमांची वही काढली. "मुदत संपलेल्या लायसन्सला एकट्यानं रस्त्यावर यायला मनाई आहे. सोबत चालू लायसन्स हवं, पालक म्हणून."

"आहे की," मी म्हणाले आणि मोबाइल वर धरला.

त्याची स्क्रीन लख्ख उजळली. इतकी, की बाईंनी डोळ्यांवर हात घेतला.

फॉर्म भरायला चार मिनिटं लागली. पाल्याच्या रकान्यात काकांच्या लायसन्सचा नंबर, पालकाच्या रकान्यात माझ्या लायसन्सचा.

"पाल्य घरी जायचं म्हणतंय," मी म्हणाले.

"पाल्याचं ऐकलंच पाहिजे असं नाही," शिंगाडेबाई म्हणाल्या आणि त्यांनी दांडी वर केली.

मी दहा बावन्नला पोचले. नोकरी मला मिळाली. परतीच्या वाटेवर सगळी वळणं मी चौथ्यात घेतली. पिशवी मागे काकांच्या मांडीवर होती.

खणाची किल्ली आता माझ्याकडे असते. काल मी वाचनालयाची गाडी धूत होते, तेव्हा काका अंगणात येऊन उभे राहिले.

"रविवारी तळ्यापर्यंत नेशील का गं त्याला? घरात कोंडून कंटाळलंय."

"बघते," मी म्हणाले. "माझं आत्ता झोपलंय. उठलं की विचारते."