फ्रिजवरचा करार

विश्वेश सरांच्या घरी फ्रिजच्या दारावर एक स्टॅम्पपेपर चिकटवलेला होता. इतरांच्या घरी त्या जागी गॅसवाल्याचा नंबर असतो. स्टॅम्पपेपरवर सरांच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं की, लिहून देणार विश्वेश यांनी लिहून घेणार शर्मिष्ठा यांना येत्या डिसेंबरात जैसलमेरला न्यायचं कबूल केलं असून, त्याचा मोबदला म्हणजे अठ्ठावीस वर्षांचा संसार लिहून देणारास आधीच पोचला आहे. खाली साक्षीदार म्हणून शेजारच्या पेद्रू आणि आपोलिना या नवरा-बायकोच्या सह्या होत्या.

ही वेळ सरांनी स्वतःच ओढवून घेतली होती. कुडाळच्या कॉलेजात ते पंचवीस वर्षं करार कायदा शिकवत होते आणि उरलेला वेळ घरी शिकवत होते. दूधवाल्यानं एक दिवस दांडी मारली की करारभंग, पाहुणे येतो म्हणून आले नाहीत की करारभंग. फक्त बायकोला "पुढच्या वर्षी नक्की" म्हणून दरवर्षी सांगायचं, त्याला मात्र ते काहीच म्हणत नसत. शेवटी शर्मिष्ठाबाईंनी कोरा स्टॅम्पपेपर आणून त्यांच्या ताटाशेजारी ठेवला. "पोरांका शिकवतास ना? मगे माका लिवून द्या."

बाईंचं माहेर आचऱ्याचं, सासर किनाऱ्यावरच्या या वाडीतलं. जन्म सगळा समुद्राकाठी गेलेला. "असां एक गाव बगूचां आसा," त्या म्हणायच्या, "जंय सकाळी उठान कोण 'आज म्हावरा काय?' म्हणान इचारीत नाय." पेद्रूला हे पटलं नव्हतं. "वाळू बगूक इतक्या लांब? ती माज्या दारात आसा, फुकट," असं म्हणून त्यानं सही केली होती.

अठरा डिसेंबरची तिकिटं निघाली. बाईंनी पंधरा दिवस आधी लाल बॅग भरून दारामागं ठेवली. येता-जाता त्या तिच्यावर हात फिरवीत, आणि ते बघून सरांना आतून बरं वाटे.

आणि मग वाडीची राखण आली. जत्रेच्या आठ दिवस आधी सगळी वाडी वडाखालच्या राखणदारापुढं, म्हणजे वाडी राखणाऱ्या देवापुढं, जमते. धोंडू घाडी नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं घालतो आणि त्याच्या प्रत्येक मागणीला सगळ्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हणायचं असतं. यात सरांचा हात धरणारा कोणी नव्हता. मागच्या बाकावरची पोरं जागी ठेवून ठेवून कमावलेला त्यांचा आवाज. लोक आधी त्यांच्या 'व्हय'ची वाट बघत आणि मग आपला मिसळत.

त्या दिवशी सरांचं शरीर वडाखाली होतं आणि मन जैसलमेरला, स्वेटर एक न्यावा की दोन या विचारात. धोंडूनं पाऊस मागितला, व्हय म्हाराजा. पोराबाळांना आरोग्य मागितलं, व्हय म्हाराजा.

"आणि यंदा जत्रेक दशावतारी येतले, तेंच्या जेवणाची सेवा विश्वेश मास्तराच्या घराक! नवरा-बायलेन आपल्या हातान वाडूची, ती गोड मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सर गरजले. नारळ फुटला.

राखणीच्या कोंबड्याच्या प्रसादाला दरवर्षी न चुकता येणारा पेद्रू शेजारीच उभा होता. तो सरांच्या कानाशी लागला. "विश्वेश, जत्रा अठराक आसा. तुजी गाडी कधीची रे?"

सरांची गाडीही अठराचीच होती. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते पेद्रूला घेऊन धोंडूच्या दारात हजर झाले. धोंडू त्यांचाच विद्यार्थी होता. करार कायद्यात दोनदा नापास झाल्यामुळं तो विषय त्यानं इतरांपेक्षा दोनदा जास्त ऐकला होता.

"धोंडू, कालची ती संमती खरी नाय. माजां लक्षच नव्हता."

"सर, तुमीच शिकवलास. एकाच बाजूची चूक झाली म्हणान करार रद्द जायत नाय."

"बरां. पण मोबदलो? मोबदल्याशिवाय करार खंयचो?"

"तुमची मोटरसायकल ओढ्यात पडली तेव्हा तुमी धड भायर इलास. राखणदारान तेव्हा काय मागल्यान? आदी दिलेलो मोबदलोय आपल्याकडे चलता. तुमीच तां पेपरात घातलां होतास, आट मार्कांक."

"तां बरोबर. पण स्वीकृती समोरच्याक पोचाक व्हयी..."

"सर, तुमचो आवाज पार कुणकेश्वराच्या देवळापर्यंत गेलो."

पेद्रूला मित्राची दया आली. "मी वाडतंय रे जेवान! आपोलिना रांदतली. आमका चलता, देवाक इचार."

"देवाक चलात, पण सेवा जातीनिशी करूची म्हणान बोलणां झाला," धोंडू म्हणाला. "चित्रकारान चित्र काडूचां कबूल केल्यान, तर तो शेजाऱ्याक धाडूक शकत नाय. ह्योय सरांचोच दाखलो."

"मगे तूच मोकळो कर माका."

"मी कोण? मी नुस्तो एजंट."

इतका हुशार मुलगा आपण दोनदा नापास का केला, या विचारात सर घरी परतले. बायकोला सांगायचं धाडस होईना. ती बॅगेशेजारी बसून रुमालांच्या घड्या घालत होती. आधी वाट काढू आणि मग सांगू, असं ठरवून त्यांनी कागद घेतला आणि ठळक अक्षरात लिहिलं: 'करार रद्द ठरण्याची कारणे.' खाली एकेक मुद्दा पडू लागला. संमती देताना मन ठिकाणावर नव्हते. समोरच्या पक्षाने परिस्थितीचा फायदा घेतला. मुदत व स्थळ यांवर पुरेसा विचार झाला नाही. आणि शेवटचा, सर्वांत भक्कम: घरगुती व सामाजिक वचने कायद्याने बंधनकारक नसतात.

एवढ्यात चहाचा कप घेऊन बाई आल्या. सरांनी घाबरून कागद हाताला लागेल तिथं, म्हणजे लाल बॅगेच्या कप्प्यात, तिकिटांच्या पाकिटात सारला. नंतर मुलांचे पेपर आले, पेपरांत दोन दिवस गेले आणि कागद तिथंच राहिला.

तिसऱ्या दिवशी सर कॉलेजातून आले तर आपोलिना अंगणातच उभी होती, कमरेवर हात ठेवून.

"मास्तर, तुमका लाज कशी वाटणा नाय?"

"काय झाला?"

"शर्मिष्ठान बॅग सोडल्यान. कपडे परत कपाटात लावल्यान. माका म्हणता, सही पुसून टाक गो आपोलिना, घरगुती वचनां कायद्यात बसणत नाय. अशे तुमी? तेका कारणां काडून दाखवतास? मी साक्षीदार आसंय, कोर्टात उबी रवान!"

सरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ते चपलांसकट घरात शिरले. बाई पडवीत शेंगा सोलत बसल्या होत्या. रिकामी बॅग बाजूला तोंड उघडून पडली होती. तिच्याकडं बघून सरांना रडू येईल असं वाटलं.

"तो कागद तुजो नाय गो," ते म्हणाले. "तो राखणदाराचो."

बाई शेंगा सोलत राहिल्या.

"मी राखणीक नको थंय व्हय म्हटलंय. जत्रेचां जेवान आपल्या घराक इला, अठराक. तुजो करार टिकवूचो म्हणान देवाचो मोडूक बसलंय. धा कारणां काडलंय, धोंडून एकय चलाक दिल्यान नाय."

शर्मिष्ठाबाईंनी हातातली शेंग खाली ठेवली. "माका म्हायत आसा."

"काय म्हायत आसा?"

"राखणीक मी मागच्या रांगेत होतंय. गाऱ्हाणां आयकलंय. मीय व्हय म्हटलंय."

सर त्यांच्यासमोर खुर्चीत बसले. "मगे गप कित्याक रवलंस?"

"तुमी कधी सांगतास तां बगीत होतंय. त्याच दिसा सांगलां असतास, तर त्याच दिसा गाडी बदलली असती. वाळू काय पळान जाता?" त्यांनी शेंग पुन्हा उचलली. "तुमी सांगलास नाय. आणि मगे माका तो कागद गावलो, आपल्या तिकिटांच्या पाकिटात. शेवटचो मुद्दो वाचलंय आणि वाटला, देवाचो पाळूक माजोच करार मोडतत, अठ्ठावीस वर्सां ह्यांच्या हिशेबी तितकीच."

इतकी वर्षं वर्गात जे वाक्य सर सहज फळ्यावर लिहीत आले, ते आज त्यांना कोणी आपल्या तोंडावर फेकल्यासारखं वाटलं. ते उठले, कागद शोधून काढला, त्याचे बारीक तुकडे केले आणि चुलीत टाकले. मग खाली बसून त्यांनीच बॅग भरायला घेतली. रुमालांच्या घड्या त्यांना जमेनात, तेव्हा बाईंनी त्या त्यांच्या हातातून ओढून घेतल्या. संध्याकाळी आपोलिनाच्या लेकीनं, सॅन्ड्रानं, मोबाइलवर बावीसची तिकिटं काढून दिली.

अठराला संध्याकाळी अंगणात पंगत मांडली. चौतीस कलाकार रांगेत बसले. अर्ध्या रंगलेल्या चेहऱ्याचा राक्षस विष्णूच्या मांडीला मांडी लावून वड्यांची चौकशी करत होता. सर पाणी वाढत होते, बाई भाताचं पातेलं घेऊन उभ्या होत्या. धोंडूनं नारळ उचलला आणि गाऱ्हाणं सुरू केलं. नाटक गोड होवंदे, व्हय म्हाराजा. जेवण गोड लागंदे, व्हय म्हाराजा.

"आणि आजपासना विश्वेश मास्तर बायलेक वर्साक एकदा भायर फिराक व्हरतले! कामाची सबब सांगूचे नाय, असां कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा..." लोकांचा आवाज अर्ध्यावरच विरला, कारण त्यात सरांचा नव्हता.

सर तांब्या हातात धरून विचार करत होते. मुदत नाही. स्थळ नाही. आजारपणाचा अपवाद नाही. असा मसुदा त्यांनी विद्यार्थ्याच्या तोंडावर फेकला असता. त्यांनी बायकोकडं पाहिलं. सगळे धोंडूकडं बघत असताना ती एकटीच भाताकडं बघत होती, फार लक्ष देऊन. मसुदा कोणी लिहिला ते सरांना कळलं.

"सर," धोंडू नारळ धरून म्हणाला, "मौन म्हणजे संमती नव्हे. तुमीच शिकवलास."

"विश्वेश," पेद्रू पंगतीच्या टोकावरून ओरडला, "साक्षीदार भुकेले आसत रे!"

सरांनी तांब्या खाली ठेवला. सगळी कलमं त्यांनी मनात पुन्हा एकदा वाचली होती, लक्ष ठिकाणावर होतं, आणि कोणाची जबरदस्ती नव्हती.

"व्हय म्हाराजा!"

माडावरचे कावळे उडाले. नारळ फुटला. राक्षसानं वड्याला हात घातला.

शर्मिष्ठाबाई पातेलं घेऊन सरांच्या शेजारून पुढं गेल्या. जाता जाता खालच्या आवाजात म्हणाल्या, "गेलो आवाज कुणकेश्वरापर्यंत."