गडी बघून गार्ड

नाना मोहित्यांची आणि तुमची पहिली भेट झाली, तर ते तुमच्या तोंडाकडे बघणार नाहीत, पायांकडे बघतील. मी मलकापुरात त्यांच्या शेजारी राहायला आलो त्या दिवशी त्यांनी माझ्या चपला इतका वेळ न्याहाळल्या, की त्या चोरीच्या वाटल्या की काय, अशी मला शंका आली. मग मान हलवत म्हणाले, "वजन समदं टाचंवर. पयल्याच ठोशाला बसशील गड्या. ये, चा घे."

नाना फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. पलटणीत बॉक्सिंग खेळायचे. त्यांचं नाक थोडं डावीकडे कलंडलेलं आहे. त्याबद्दल विचारलं तर म्हणतात, "तेवढा एकच चुकवता आला न्हाई." बाकीचे सगळे चुकवले, हे आपण समजून घ्यायचं.

त्यांचं शास्त्र असं: "लांब हाताचा गडी आला तर आत शिरायचं. अंगावर येनारा असला तर बाजूला सरकायचं. डावरा आला तर त्याच्या डाव्या हातापासनं लांब फिरायचं. समद्यांशी एकच खेळ खेळतो त्यो मार खातो. गडी बघून गार्ड!"

रिंग सुटली, पण ही खोड सुटली नाही. मंडईत हौसाबाई भाजीवालीपुढे नाना तोंडात मिठाची गुळणी धरून उभे राहतात. का, तर "ती आपनहून भाव सांगत न्हाई. आपुन बोललो की मंग हानती. आपुनबी गप ऱ्हायाचं." एकदा दोघं मेथीच्या जुडीकडे बघत गप्प राहिले आणि जुडी तिसऱ्याच बाईने उचलून नेली. नाना म्हणाले, "बरोबरीत सुटली."

कराडच्या स्टँडवर तर मी स्वतः बरोबर होतो. पलूसला एका लग्नाला निघालो होतो. एसटी लागली, गर्दी अंगावर आली आणि नाना झोकात बाजूला सरकले. एकाचाही धक्का त्यांना लागला नाही. सगळी गर्दी आत गेली, गाडीही गेली, आणि नाना दोन्ही मुठींचा गार्ड हनुवटीशी धरून फलाटावर तसेच उभे. मी चिडून त्यांच्याकडे बघितलं. "पाय बघितलंस का माझं?" त्यांनी अभिमानाने विचारलं. आम्ही अक्षता संपल्यावर पोचलो.

एका माणसापुढे मात्र त्यांचा एकही डाव चालत नसे. त्यांच्या पत्नी, शांताकाकी. माहेर पाटणकडचं, बोलणं मोजकं. नाना भांडायला उभे राहिले की त्या भाकरी थापायला बसत. "ती रिंगमदीच येत न्हाई रं," नाना माझ्याकडे तक्रार करीत, "मानसानं लढायचं कुनाशी?"

गेल्या वर्षी काकींना अर्धांगाचा झटका आला. बोलणं परत आलं, पाय थोडा चालू लागला, पण उजवा हात मांडीवर पडून राहिला. डॉक्टर म्हणाले, व्यायाम केला तर हात येईल, नाही केला तर राहील तसाच. काकींनी दाबायला दिलेला चेंडू खिडकीतून बाहेर टाकला. "ऱ्हाऊ द्या आता," एवढंच म्हणाल्या आणि मान फिरवली. नानांनी फौजी आवाजात हुकूम करून बघितला, हाता-पाया पडून बघितलं, देवाची शपथही घातली. काकी ढिम्म. एका संध्याकाळी नाना माझ्या कट्ट्यावर येऊन बसले. म्हणाले, "गडीच कळंना रं मला."

पुढच्या आठवड्यात एका सकाळी भिंतीपलीकडून नानांचा आवाज आला. "तुज्या भाकरीपरीस आमच्या पलटनीच्या लंगरची पुरी बरी! पाटनच्या मानसांस्नी भाकरी कवा जमलीया?" हे तासभर चाललं. दुसऱ्या दिवशीही तेच; त्या दिवशी तर सासऱ्यांच्या मिश्यांपर्यंत मजल गेली. आजारी बायकोला कुणी असं बोलतं? माझं डोकं फिरलं. चार शब्द सुनावावेत म्हणून मी तरातरा त्यांच्या घरात शिरलो.

काकी खुर्चीत बसल्या होत्या, रागाने लालबुंद. नाना समोर बुटक्या स्टुलावर, अगदी गुडघ्याला गुडघा लावून. दोन्ही तळहात काकींच्या मांडीजवळ उघडे धरलेले. काकींचा उजवा हात थरथरत वीतभर उचलला गेला आणि नानांच्या तळहातावर पडला. थप्प.

"ह्यो काय मार झाला? तुजा बाबा असाच मारायचा व्हय?"

थप्प. आधीपेक्षा जोरात.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात नाना माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "गप. राग जाईल तिचा."

मग त्यांनी काकींच्या आईच्या आमटीला नाव ठेवलं. काकींचा हात उठला, पार खांद्यापर्यंत उठला आणि थेट नानांच्या तोंडाकडे आला. नानांना तो दिसत होता. मुंगीच्या चालीने येत होता, एखादं पोरही चुकवू शकलं असतं. नाना हलले नाहीत. उलट हात अर्ध्यावर लटपटला, तेव्हा त्यांनीच गाल पुढे केला.

काकींची बोटं गालावर तशीच राहिली. त्या घाबरून म्हणाल्या, "आवं, लागलं का वं?"

"लय लागलं," नाना म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "उद्या आजून जोरात मार."