रज्जाकभाईंच्या काखेतली ट्यूब

छतावरून काढलेली ट्यूब संध्याकाळी परत येते, हे मी सांगितलं तेव्हा घरात कुणीही विश्वास ठेवला नाही. "डोळे तपासून घे," हे म्हणाले. माझे डोळे नीट आहेत. सुईत दोरा अजून मीच ओवते.

झालं असं. मुलाचं, सुदेशचं लग्न झालं. नवी सून येणार म्हणून बैठकीतली जुनी चोकवाली ट्यूब काढून चपटं पॅनेल बसवायचं ठरलं. पण वायरमन रज्जाकभाई आले ते सून घरात आली त्याच दिवशी, भर दुपारी. मेन बंद करून त्यांनी ट्यूब उतरवली, पॅनेल लावलं, आणि ट्यूब भंगारात टाकायला काखेत मारून घेऊन गेले.

त्याच दिवशी तिन्हीसांजेला जुन्या पट्टीच्या भोकांपाशी फडफड झाली. चोक गुणगुणला आणि पूर्वीचा उजेड पडला. नवं पॅनेल आपोआप मंद झालं. वडीलधारं माणूस आलं की लहानांनी गप्प व्हावं, तसं.

पुढे सगळ्यांनाच पटलं, कारण त्या उजेडात सून दिसेना. ह्यांच्या टकलावर उजेड, सुदेशच्या चष्म्यावर उजेड, आणि सून बसली त्या खुर्चीत नुसता काळोख. पेटती असताना ट्यूबनं तिला कधी पाहिलंच नव्हतं. अनोळखी माणसावर ती उजेड कशाला टाकील? आधी बांगड्या तरी चमकायच्या. मग नुसत्या वाजायला लागल्या. मग सकाळीसुद्धा तिचा एक हात उजाडेना.

रज्जाकभाईंना बोलावलं. ते वर बघून म्हणाले, "मी तर नेली होती, वहिनी. पण निघताना दारात कुणीतरी 'या' म्हटलं."

"ट्यूबला कोण 'या' म्हणेल?"

"मलाच म्हटलं असेल. पण मी घाईत होतो, 'येतो' म्हणायचं राहिलं. काखेत ही होती. हिनं घेतलं."

"मग आता?"

"ज्यानं 'या' म्हटलं त्यानंच 'जा' म्हणायचं. दुसऱ्या कुणाचं ती ऐकत नाही."

मी ह्यांच्याकडे बघितलं. "तुम्हीच. तुम्ही दारातल्या कुत्र्यालासुद्धा 'या' म्हणता."

"मी झोपलो होतो," हे म्हणाले.

खुर्चीतून आवाज आला, "मी म्हटलं, आई. माणूस निघालं की 'या' म्हणायचं, असं माहेरी शिकवलंय."

दिवेलागणीला कुणाला 'जा' म्हणू नये, हे मलाही कळतं. पण पोरगी माझ्या डोळ्यांदेखत संपत चालली होती. "म्हण," मी म्हटलं.

"जा," ती म्हणाली.

ट्यूब हलली नाही. तिच्याखाली सुदेश चहा पीत बसला होता. त्यानं कप ठेवला, चपला घातल्या आणि गेला. आमच्या घरात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, नुसतं अहो-जाहो करते, ही माझीच शिस्त. त्याला वाटलं, आपल्यालाच म्हटलं.

आता सून रोज संध्याकाळी दारात उभी राहून 'या' म्हणते. एकदा जुना पंखा आला. काल कुणाचा तरी खोकला आला आणि राहिला. सुदेश येत नाही.

लोक मला बोलतात, तूच म्हणायला लावलंस. लावलं. पण 'या' कुणी म्हटलं, आणि 'जा' कुणी म्हटलं? खुर्चीतल्या काळोखाला मी वेळेवर चहा देते, आणि विचारणाऱ्याला तोंडावर सुनेचं नाव सांगते.

शर्वरी.