जुमाना परत येते

लिलावात कबूतर ठेवायचं म्हटल्यावर लिलाव भरवणाऱ्या इन्साफबाईंनी चष्मा काढून पुसला.

"अबू शुकरी, हा थॅलेसेमियाच्या मुलांसाठीचा लिलाव आहे. दर महिन्याला रक्त चढवावं लागतं त्या लेकरांना. लोक चांदीची कॉफीची भांडी देताहेत, भरतकामाचे झगे देताहेत."

"बाई, माझ्याकडे हिच्याहून चांगलं काही नाही," अबू शुकरी म्हणाले. त्यांच्या कोटातून जुमाना कबुतरीचं डोकं तेवढं बाहेर आलं होतं.

अम्मानच्या त्या टेकडीवर अबू शुकरींना कुठल्याही कामात कुणी बोलावत नसे. कबुतरबाजाची साक्ष कोर्टातसुद्धा चालत नाही, असं तिथले लोक म्हणतात. दिवसभर गच्चीवर उभा राहणारा आणि दुसऱ्याचं पाखरू उतरलं की "माझंच" म्हणणारा माणूस! त्याच्या शब्दावर विश्वास कोण ठेवणार? या लिलावाच्या निमित्तानं आपला शब्द एकदा तरी लोकांनी खरा मानावा, एवढीच अबू शुकरींची इच्छा होती.

जुमाना खाटीक अबू बरजस यांनी घेतली. "नवी गच्ची अंगवळणी पडेपर्यंत पंख बांधून ठेवा," असं अबू शुकरींनी बजावलं होतं. पण मेव्हण्याला दाखवायला म्हणून अबू बरजसांनी तिला त्याच दुपारी सोडलं. मेव्हण्याचा चहा निवायच्या आत ती जुन्या गच्चीवर हजर!

अबू शुकरी तिला कोटात घालून परत द्यायला निघाले. रस्त्यात लोकांना दिसलं ते एवढंच, की खाटकानं घेतलेलं कबूतर कबुतरबाजाच्या कोटात आहे.

"विकायचं आणि परत बोलवायचं! वा उस्ताद!" न्हावी दुकानातून ओरडला. "तेही आजारी मुलांच्या नावावर!"

"अहो, शपथ घेऊन सांगतो..."

"ऐका! कबुतरबाजाची शपथ!"

गिऱ्हाईक साबणाच्या फेसासकट हसलं.

अबू शुकरी अर्ध्या वाटेवरून जुमानासकट घरी आले आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

"तरी सांगत होते, कोंबडी द्या," त्यांच्या बायको उम्म शुकरी म्हणाल्या. "कोंबडी परत येत नाही."

अबू बरजसांनी पैसे परत मागितले, तर ते केव्हाच इस्पितळात पोचले होते. इन्साफबाई आयुष्यभर शाळेत भांडणं सोडवत आलेल्या. त्या म्हणाल्या, "परत येते ना? मग येऊ दे! जो घेईल त्यानं तिला सोडायचं, आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा बोली."

लोकांना गंमत वाटली. दर शुक्रवारी नमाजानंतर जुमाना विकली जाई आणि परत येई. न्हाव्यानं घेतली, औषधवाल्यानं घेतली. अबू बरजसांनी तर राग विसरून पुन्हापुन्हा घेतली. "येईल ना हो?" लोक विचारत. "येईल," अबू शुकरी म्हणत, आणि ती येई. आता लिलावाच्या दालनात त्यांना दारापाशी उभं राहावं लागत नव्हतं. त्यांना खुर्ची मिळू लागली.

मग एका शुक्रवारी ते रिकाम्या हातांनी आले.

"आली नाही."

"लपवली!" न्हावी म्हणाला. "आता भाव चढलाय ना!"

"अरे बाबा, येत होती तेव्हा म्हणालात मी बोलावली. आता येत नाही तर म्हणता मी लपवली. मी करू तरी काय?" अबू शुकरी म्हणाले. खुर्चीवर बसून राहावं की उठून जावं, हेही त्यांना कळेना.

तेवढ्यात मागून अबू बरजस उठले. एवढा धिप्पाड माणूस, पण नजर जमिनीवर.

"ते खरं बोलताहेत. ती माझ्या गच्चीवर आहे. गेल्या शुक्रवारी घेतली तशी मी सोडली होती हो, तीच जाईना. अंडी घातलीत तिनं. माझ्या नराबरोबर जमलंय तिचं."

"तुमचा नर?" इन्साफबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तुमच्याकडे कबुतरं कधीपासून?"

"एकच आहे. म्हणजे... आठेक असतील."

सगळं दालन हसू लागलं. "गेला! हाही गेला!" न्हाव्यानं मांडीवर थाप मारली. "कबुतरबाज कबुतरबाजाची साक्ष देतोय!"

"अंड्यांवर हात ठेवून सांगतो!" अबू बरजस ओरडले, तसे लोक आणखीच हसले. ते कानापर्यंत लाल झाले. कुणी ऐकेना, तेव्हा त्यांनी हात जोडले. "अबू शुकरी, तुम्ही तरी सांगा ना यांना!"

अबू शुकरींनी आधी मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं. मग त्यांनी कोटाचं बटण लावलं, घसा साफ केला आणि आयुष्यातली पहिली साक्ष द्यायला ते सावकाश उभे राहिले.